रुग्णालयातला आकडा कुठून आला?

मधुमेहाचं निदान होऊन बारा वर्षं झालेल्या एका बाईंचा विचार करू. या बारा वर्षांत त्यांच्या रक्ताच्या अनेक तपासण्या झाल्या, त्यांचे आकडे प्रयोगशाळेच्या संगणकात आहेत. डोळ्यांच्या पडद्याचे फोटो काढले, ते नेत्रविभागाच्या यंत्रावर आहेत. एकदा छातीत दुखलं म्हणून ईसीजी आणि इको झाला. पायाला सूज आली म्हणून सोनोग्राफी झाली. प्रत्येक भेटीत डॉक्टरांनी चार-दोन ओळी लिहिल्या. औषधं किती आणि कधी घेतली याची नोंद औषधविक्रेत्याकडे, बिलांची विमा कंपनीकडे. मनगटावरचं घड्याळ नाडीचे ठोके मोजतं, ते आकडे भलत्याच कंपनीच्या सर्व्हरवर जमा होतात. एका संशोधन प्रकल्पात रक्त दिलं होतं, त्यामुळे जनुकांचा संपूर्ण क्रमही कुठेतरी साठवलेला आहे.

आता डॉक्टरांना जाणून घ्यायचंय की पुढच्या पाच वर्षांत या बाईंची मूत्रपिंडं निकामी होण्याची शक्यता किती. उत्तराचे तुकडे वर सांगितलेल्या सगळ्या ठिकाणी पडलेले आहेत, पण ते एकत्र कुणीच पाहिलेले नाहीत. ते जुळवणं आणि त्यांतून भरवशाचं काही काढणं हा आता संशोधनाचा स्वतंत्र विषय आहे, आणि त्यातलं बरंचसं प्रत्यक्ष काम पोस्टडॉक करतात. पोस्टडॉक म्हणजे पीएचडी झालेला, पण अजून स्वतःची प्रयोगशाळा नसलेला संशोधक. दोन-तीन वर्षांचा करार, एक प्रमुख प्राध्यापक आणि एक प्रश्न, एवढ्या भांडवलावर तो काम करतो. कुणी संख्याशास्त्रातून येतो, कुणी संगणकशास्त्रातून, कुणी वैद्यकातून. तिन्ही विषय येणारा माणूस क्वचितच सापडतो, म्हणून जो येतो त्याला उरलेले दोन विषय कामावर असतानाच शिकावे लागतात.

या कामात सगळ्यात अवघड काय, असं विचारलं तर बाहेरचे लोक मॉडेलचं, म्हणजे डेटावरून शिकून अंदाज देणाऱ्या संगणकप्रणालीचं, नाव घेतात: कुठलं न्यूरल नेटवर्क (मेंदूतल्या पेशींच्या जाळ्यावरून सुचलेला मॉडेलचा एक प्रकार), किती मोठा संगणक. माझं मत वेगळं आहे. रुग्णालयातली जवळजवळ कुठलीच नोंद संशोधनासाठी झालेली नसते. ती उपचारासाठी झालेली असते, बिलासाठी झालेली असते, उद्या कोर्टात प्रश्न आला तर हाताशी असावी म्हणून झालेली असते. प्रत्येक आकड्याला असा पूर्वेतिहास असतो. तो ठाऊक नसताना दहा ठिकाणचे आकडे एका तक्त्यात बसवले, तर तक्ता देखणा होतो आणि उत्तर चुकतं.

एकाच गोष्टीची अनेक नावं

सुरुवात एककांपासून होते. उपाशीपोटी रक्तातली साखर १२६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असेल तर ती मधुमेहाची सीमारेषा मानतात. काही देशांत हीच पातळी ७ मिलिमोल प्रति लिटर अशी लिहितात. दोघांत साधारण अठरा पटींचा फरक. क्रिएटिनिन म्हणजे मूत्रपिंडं रक्तातून गाळून टाकतात तो एक टाकाऊ पदार्थ; त्याच्या बाबतीत १ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे ८८.४ मायक्रोमोल प्रति लिटर. एकक लिहिलेलं असेल तर गुणाकार करून मोकळं होता येतं. पण जुन्या नोंदींमध्ये एककाचा रकाना सर्रास रिकामा असतो, आणि मग आकड्यांच्या विखुरणीवरून ते ओळखावं लागतं.

आजारांची नावं त्याहून त्रासदायक. ती संकेतांकात लिहिण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी ही यादी वापरतात. ती दर काही दशकांनी बदलते. अमेरिकेतल्या रुग्णालयांनी १ ऑक्टोबर २०१५ रोजी नवव्या आवृत्तीवरून दहाव्या आवृत्तीवर उडी घेतली, आणि निदानाचे संकेतांक सुमारे १४ हजारांवरून ७० हजारांच्या घरात गेले. त्या तारखेच्या अलीकडचा आणि पलीकडचा डेटा एकत्र केला की काही आजार अचानक वाढल्यासारखे दिसतात, काही गायब होतात. माणसं तीच असतात, फक्त कप्पे बदललेले असतात.

कधी आकडा तोच राहतो आणि त्याचा अर्थ लावणारं सूत्र बदलतं. मूत्रपिंड किती काम करतंय हे थेट मोजत नाहीत. क्रिएटिनिन, वय आणि लिंग यांवरून सूत्राने अंदाज काढतात. अमेरिकेत प्रचलित असलेल्या सूत्रात रुग्ण कृष्णवर्णीय आहे की नाही यासाठी वेगळा गुणक होता. २०२१मध्ये तो काढून टाकण्यात आला. नवं सूत्र स्वीकारलेल्या रुग्णालयाचा दहा वर्षांचा आलेख काढला तर तिथे एक पायरी दिसेल, जिचा कुणाच्याही मूत्रपिंडाशी संबंध नाही. म्हणून शहाणे लोक तयार अंदाज घेत नाहीत. मूळ क्रिएटिनिन मागवतात आणि सगळ्यांना एकच सूत्र लावतात.

या गोंधळावर उपाय म्हणून प्रमाणकं आहेत. प्रतिमांसाठी डायकॉम, प्रयोगशाळेतल्या तपासण्यांसाठी लॉइंक, वैद्यकीय संज्ञांसाठी स्नोमेड, आणि वेगवेगळ्या रुग्णालयांचे तक्ते एका साच्यात आणण्यासाठी ओमॉप. ही प्रमाणकं उपयोगी आहेतच. पण 'आमच्याकडचा हा संकेत म्हणजे प्रमाणकातला कुठला' हे ठरवायला शेवटी माणूसच बसवावा लागतो, आणि तो बहुतेक वेळा पोस्टडॉक असतो.

ओघात एक गंमत. जनुकांना लघुनावं असतात. त्यातल्या काहींची नावं 'सेप्ट-२', 'मार्च-१' अशी होती. एक्सेलमध्ये ती लिहिली की एक्सेल त्यांच्या बिनबोभाट तारखा करून टाकायचं. २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, जनुकांच्या याद्या एक्सेलमध्ये जोडलेल्या शोधनिबंधांपैकी साधारण एक पंचमांश निबंधांत असल्या चुका सापडल्या. शेवटी २०२०मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या समितीने जनुकांचीच नावं बदलली. एक्सेल बदलण्यापेक्षा माणसाचा जीनोम नव्याने लिहिणं सोपं ठरलं म्हणायचं.

ही तीच व्यक्ती आहे का?

प्रयोगशाळेतली एक नोंद आणि विमा कंपनीकडची एक नोंद एकाच व्यक्तीची आहे हे कसं ठरवायचं? सगळीकडे एकच ओळख क्रमांक असेल तर प्रश्न मिटतो. नसेल तर नाव, जन्मतारीख, पत्ता यांवर भिस्त. नावाचं स्पेलिंग बदलतं, लग्नानंतर आडनाव बदलतं, जन्मतारीख माहीत नसलेल्यांची १ जानेवारी टाकली जाते.

या प्रश्नाला शास्त्रशुद्ध रूप दिलं ते इव्हान फेलेगी आणि ॲलन सन्टर यांनी, १९६९मध्ये. कल्पना अशी की प्रत्येक जुळणाऱ्या गोष्टीला वजन द्यायचं. अगदी प्रचलित आडनाव जुळलं तर वजन कमी, दुर्मिळ आडनाव जुळलं तर जास्त. लिंग जुळलं तर फारसं काही सिद्ध होत नाही, पण जुळलं नाही तर शंका मोठी. सगळ्या वजनांची बेरीज एका मर्यादेवर गेली की जोडी पक्की, दुसऱ्या मर्यादेखाली असली की नामंजूर, मधल्या जोड्या माणसाने बघायच्या. पन्नासहून अधिक वर्षं झाली, पाया अजून हाच आहे. इथे दोन प्रकारच्या चुका होतात आणि त्या सारख्या नाहीत. जोडी हुकली तर एका रुग्णाची माहिती अपुरी राहते. भलतीच जोडी लागली तर एकाचं हृदय आणि दुसऱ्याची मूत्रपिंडं घेऊन तिसराच रुग्ण जन्माला येतो, आणि तो पुढच्या सगळ्या विश्लेषणात जिवंत राहतो.

जे नोंदवलं नाही, तेही बोलतं

आता मला सगळ्यात महत्त्वाच्या वाटणाऱ्या मुद्द्याकडे येतो: रिकाम्या जागा. वैद्यकीय डेटाचा तक्ता उघडला की पहिल्यांदा दिसतात त्या रिकाम्या चौकटी. हजार प्रकारच्या तपासण्या अस्तित्वात आहेत आणि एका रुग्णाच्या त्यातल्या वीस झालेल्या असतात. उरलेल्या ९८० जागांचं काय करायचं?

सरासरी भरून टाकायची, हा पहिला मोह. डोनाल्ड रुबिन या संख्याशास्त्रज्ञाने १९७६मध्ये दाखवलं की आधी जागा रिकामी का राहिली हे विचारलं पाहिजे. नमुन्याची नळी फुटली म्हणून आकडा नसेल तर तो निव्वळ योगायोग. तरुणांच्या तपासण्या कमी होतात म्हणून नसेल, तर वय आपल्याला माहीत आहे, त्यावरून हिशेब दुरुस्त करता येतो. पण रुग्ण इतका खंगला की तपासणीला येऊच शकला नाही, म्हणून आकडा नसेल तर? तेव्हा जो आकडा दिसत नाही तोच त्याच्या गैरहजेरीचं कारण असतो. हा तिसरा प्रकार केवळ तक्त्याकडे बघून ओळखता येत नाही. त्यासाठी त्या रुग्णालयात काम कसं चालतं हे विचारायला जावं लागतं.

२०१८मध्ये 'बीएमजे' या नियतकालिकात डेनिस ॲग्निएल, आयझॅक कोहाने आणि ग्रिफिन वेबर यांचा एक अभ्यास आला. बोस्टनमधल्या दोन मोठ्या रुग्णालयांतले साडेसहा लाखांहून अधिक रुग्ण आणि २७२ प्रकारच्या तपासण्या त्यांनी पाहिल्या. रुग्ण तीन वर्षांनी हयात असेल का, याचा अंदाज कशावरून चांगला येतो हा प्रश्न होता. त्यात २३३ तपासण्यांच्या बाबतीत नुसती तपासणी सांगितली गेली होती की नाही, एवढ्यावरूनच जगण्याच्या शक्यतेत फरक दिसला, निकाल काहीही असो. पुढे ज्या १७४ तपासण्यांची नीट तुलना करता आली, त्यांतल्या ११८ मध्ये तपासणी केव्हा सांगितली याने निकालाच्या आकड्यापेक्षा अचूक अंदाज दिला.

याचा अर्थ उलगडायला हवा. पहाटे तीन वाजता कुणी सहज म्हणून रक्त काढत नाही. त्या वेळी तपासणी झाली म्हणजे कुणातरी डॉक्टरच्या किंवा परिचारिकेच्या मनात पाल चुकचुकली होती. ती शंका कुठल्याही रकान्यात लिहिलेली नाही, पण घड्याळात उतरली आहे. तेव्हा असा डेटा रुग्णाच्या शरीराबद्दल जितकं सांगतो तितकंच त्याच्याकडे बघणाऱ्या माणसांबद्दल सांगतो. हे दोन आवाज वेगळे ओळखता आले नाहीत तर आपलं मॉडेल डॉक्टरांचीच शंका डॉक्टरांना परत ऐकवतं, तेही नवा शोध म्हणून.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण न्यूमोनियाचं. १९९०च्या दशकात अमेरिकेत एका प्रकल्पात न्यूमोनियाच्या रुग्णांपैकी कुणाला दाखल करायचं आणि कुणाला घरी पाठवायचं हे ठरवायला मॉडेल बनवली जात होती. त्यातल्या एका मॉडेलने डेटातून नियम काढला: दमा असलेल्या रुग्णाला न्यूमोनियाने मरण्याचा धोका कमी असतो! नियम डेटाशी प्रामाणिक होता. दम्याच्या रुग्णाला न्यूमोनिया झाला की त्याला तातडीने, बहुधा थेट अतिदक्षता विभागात, दाखल केलं जायचं आणि म्हणून तो वाचायचा. मॉडेलला आजार आणि मृत्यू एवढंच दिसलं, मधली धावपळ दिसली नाही. त्या मॉडेलच्या सल्ल्याने दम्याच्या रुग्णांना घरी पाठवलं असतं तर काय झालं असतं ते सांगायला नको. या कामात असलेल्या रिच कारुआना यांनी २०१५च्या निबंधात ही हकिगत सविस्तर मांडली. तिथला धडा असा होता की चूक दिसली ती ते मॉडेल वाचता येण्याजोगं होतं म्हणून. त्याच डेटावर शिकलेलं न्यूरल नेटवर्क अंदाज जास्त अचूक देत होतं, पण त्याच्या पोटात असे किती नियम दडले आहेत हे कुणालाच सांगता येत नव्हतं, म्हणून ते वापरायचं नाही असं ठरलं.

डॉक्टरांच्या लिखाणाबद्दल थोडक्यात सांगतो. 'छातीत दुखत नाही' या वाक्यात 'छातीत दुखणं' हे शब्द असतातच. 'वडिलांना हृदयविकार होता' यातला हृदयविकार रुग्णाचा नाही. शिवाय कालची टिपणं आज जशीच्या तशी चिकटवण्याची सवय सर्वत्र आहे, त्यामुळे बरा झालेला खोकला कागदावर आठवडाभर चालू राहतो. भाषेवर चालणारी नवी मॉडेल यातलं पुष्कळ ओळखतात. चिकटवलेलं मात्र त्यांनाही खरंच वाटतं.

प्रतिमेच्या कोपऱ्यातलं उत्तर

एक्स-रेसारख्या प्रतिमांत असलं काही नसेल असं वाटू शकतं. जॉन झेक आणि सहकाऱ्यांनी २०१८मध्ये तीन रुग्णालय-समूहांचे छातीचे एक्स-रे घेऊन न्यूमोनिया ओळखणारं न्यूरल नेटवर्क तपासलं. त्यांच्या लक्षात आलं की एक्स-रे कुठल्या रुग्णालयातला आहे हे नेटवर्कला जवळपास अचूक ओळखता येतं. प्रत्येक ठिकाणची यंत्रं वेगळी, प्रतिमेच्या कोपऱ्यात ठेवायची धातूची खूण वेगळी. आणि एका ठिकाणच्या प्रतिमांत न्यूमोनियाचं प्रमाण सुमारे ३४ टक्के होतं, तर उरलेल्या दोन ठिकाणी जेमतेम एकेक टक्का. मग फुप्फुसाकडे बघायची गरजच काय? रुग्णालय ओळखलं की निम्मं उत्तर मिळालं. बाहेरच्या रुग्णालयातल्या प्रतिमा दाखवल्या तेव्हा कामगिरी घसरली.

कोविडच्या काळात याचीच मोठ्या प्रमाणावर पुनरावृत्ती झाली. एक्स-रे आणि सीटी स्कॅनवरून कोविड ओळखणाऱ्या मॉडेलांचा पूर आला. केंब्रिजच्या नेतृत्वाखालच्या एका गटाने २०२१मध्ये २,२१२ निबंध गोळा केले, चाळून ६२ नीट तपासले आणि निष्कर्ष काढला की यांतलं एकही मॉडेल प्रत्यक्ष वापरण्याजोगं नाही. काही संशोधकांनी कोविडचे एक्स-रे प्रौढांचे घेतले होते आणि तुलनेसाठीचे एक ते पाच वर्षांच्या मुलांचे. अशा मॉडेलला मूल आणि मोठा माणूस यांतला फरक छान कळतो. संगणकात काही खोट नव्हती. दोन ठिकाणचा डेटा जोडताना तो कुणाचा आहे हे विचारायचं राहिलं.

प्रयोगशाळेतल्या रेण्वीय मोजमापांनाही हाच रोग आहे. सोमवारी मोजलेले नमुने आणि गुरुवारी मोजलेले नमुने यांत रसायनाचा डबा, तापमान, हात बदललेला असतो. सगळे रुग्ण सोमवारी आणि सगळे निरोगी लोक गुरुवारी मोजले तर फरक आजाराचा की वाराचा, हे नंतर कुठल्याही गणिताने सांगता येत नाही. दुरुस्तीच्या पद्धती आहेत, पण दोन्ही गट दोन्ही दिवसांत मिसळलेले असतील तरच त्या चालतात.

जोडायचं कसं

इथवर आलो की मग ते काम येतं ज्याला सगळे खरं काम समजतात. जनुकक्रम ३०० कोटी अक्षरांचा, आयुष्यात एकदाच मोजलेला. ईसीजी सेकंदाला शेकडो वेळा मोजलेला, पण दहा सेकंदांचा. तीन महिन्यांची साखर सांगणारं एचबीए१सी वर्षातून दोन-चारदा. एक सीटी स्कॅन म्हणजे शेकडो काप. हे सगळं एका मॉडेलला कसं द्यायचं?

पहिला मार्ग म्हणजे सगळ्याचे आकडे करून एकाच लांबलचक ओळीत मांडायचे. अडचण संख्येची. प्रथिनं बनवणारी जनुकं सुमारे २० हजार, रक्ताच्या तपासण्या वीस आणि रुग्ण पाचशे. इतक्या कमी रुग्णांत इतके रकाने असले की योगायोगाने जुळणारं काहीतरी हमखास सापडतं, आणि वीस उपयोगी आकडे वीस हजारांच्या गर्दीत हरवतात.

दुसरा मार्ग उलटा. प्रत्येक प्रकारच्या डेटासाठी वेगळं मॉडेल बनवायचं आणि शेवटी त्यांची मतं एकत्र करायची. वेगवेगळ्या विषयांच्या तज्ज्ञांची समिती बसवून मतदान घ्यावं तसं. यात एखाद्या रुग्णाचा एमआरआय नसला तरी अडत नाही, कारण त्या सदस्याचं मत सोडून देता येतं. पण सदस्य एकमेकांशी बोलत नाहीत, आणि काही गोष्टी दोन प्रकारचा डेटा एकत्र पाहिल्याशिवाय कळतच नाहीत. क्लोपिडोग्रेल हे रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून देतात ते औषध घ्या. ते पोटात जातं तेव्हा निष्क्रिय असतं. यकृतातलं सीवायपी२सी१९ नावाचं विकर (एन्झाइम) त्याला सक्रिय करतं. ज्यांच्या जनुकात या विकराची कमकुवत आवृत्ती आहे त्यांना औषधाचा पुरेसा उपयोग होत नाही. निव्वळ जनुक बघणाऱ्याला यात धोका दिसणार नाही, निव्वळ औषधांची यादी बघणाऱ्यालाही नाही. धोका दोन्हींच्या मध्ये आहे.

म्हणून तिसरा, मधला मार्ग. प्रत्येक प्रकारच्या डेटाचं आधी एका लहान, समान रूपात रूपांतर करायचं आणि ती रूपं जोडायची. यातली मला आवडणारी एक पद्धत २०१४मध्ये टोरांटोत बो वांग, ॲना गोल्डनबर्ग आणि सहकाऱ्यांनी मांडली. तिच्यात मोजमापं थेट जोडतच नाहीत. प्रत्येक प्रकारच्या डेटात कुठला रुग्ण कुठल्या रुग्णासारखा आहे याचं एक जाळं विणतात: एक जाळं जनुकांच्या सक्रियतेवरून, एक डीएनएवरच्या रासायनिक खुणांवरून, आणखी एक सूक्ष्म आरएनएवरून. मग ही जाळी टप्प्याटप्प्याने एकमेकांच्या जवळ आणतात. दोन-तीन जाळ्यांना मान्य असलेली नाती घट्ट होतात, एकाच जाळ्यातली क्षीण नाती विरतात. कल्पनेतली चलाखी अशी की जनुक आणि रसायन यांची तुलना होऊ शकत नाही, पण 'हे दोन रुग्ण सारखे आहेत' या वाक्याची होऊ शकते. आजकाल हेच काम मोठी न्यूरल नेटवर्कं करतात. ती ताकदवान आहेत, पण हजारो रुग्णांखेरीज त्यांचं पोट भरत नाही.

आता सुरुवातीचा मूत्रपिंडांचा प्रश्न. नवदीप तांगरी आणि सहकाऱ्यांनी कॅनडातल्या रुग्णांवरून २०११मध्ये एक सूत्र प्रसिद्ध केलं. मूत्रपिंडविकार असलेल्या माणसाचं वय, लिंग, क्रिएटिनिनवरून काढलेली कार्यक्षमता आणि लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन, या चार गोष्टींवरून पुढच्या दोन किंवा पाच वर्षांत मूत्रपिंड निकामी होण्याची शक्यता ते सांगतं. पुढे २०१६मध्ये तीसहून अधिक देशांतल्या सात लाखांवर लोकांच्या डेटावर ते तपासलं गेलं आणि चांगलं टिकलं. फक्त चार गोष्टी! जनुकं, प्रतिमा, घड्याळं सगळं जोडून केलेल्या कुठल्याही नव्या मॉडेलला आधी या चार आकड्यांना हरवून दाखवावं लागतं. बरेचदा ते जमत नाही, किंवा जमतं ते इतकं थोडं की त्यासाठी एवढा खर्च करावा का हा प्रश्न उरतो. हे निबंधात स्पष्ट लिहिणारा पोस्टडॉक मला विश्वासार्ह वाटतो.

तपासणीही डोळ्यांत तेल घालून करावी लागते. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने खुल्या केलेल्या छातीच्या एक्स-रेच्या एका प्रसिद्ध संचात १,१२,१२० प्रतिमा आहेत, पण रुग्ण ३०,८०५. प्रतिमांची सरमिसळ करून शिकण्याचा आणि परीक्षेचा असे दोन गट पाडले तर एकाच माणसाच्या फासळ्या दोन्हीकडे येतात आणि मॉडेल माणूस ओळखून गुण मिळवतं. वाटणी रुग्णांची करायची असते. मोठा संच म्हणजे प्रातिनिधिक संच असंही नाही. ब्रिटनच्या यूके बायोबँकेत २००६ ते २०१० या काळात ४० ते ६९ वयाचे पाच लाख लोक सामील झाले, जगातला हा एक अतिशय मौल्यवान साठा आहे. पण निमंत्रणं गेली होती ९२ लाख. जे आले ते सर्वसाधारण लोकांपेक्षा जास्त निरोगी आणि सुस्थितीतले होते.

आणि काय मोजतोय हे चुकलं तर बाकी सगळं बरोबर असूनही अन्याय होतो. झियाद ओबरमायर आणि सहकाऱ्यांनी २०१९मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात अमेरिकेत वापरात असलेल्या एका प्रणालीची चिरफाड केली. कुणाला जास्त वैद्यकीय मदतीची गरज आहे हे ती ठरवायची, पण गरज थेट मोजता येत नाही म्हणून तिने उपचारांवर होणारा खर्च घेतला होता. कृष्णवर्णीय रुग्णांवर तितक्याच आजारपणात कमी खर्च होत होता. त्यामुळे प्रणालीने दिलेले गुण सारखे असले तरी हे रुग्ण प्रत्यक्षात जास्त आजारी निघाले. बिलातला आकडा आजाराचा आकडा म्हणून वापरला की असं होतं.

नाव काढलं म्हणजे ओळख गेली?

हा डेटा माणसांचा आहे, म्हणून तो हाती येण्याआधी नीतिसमितीची मंजुरी, करार, प्रशिक्षण यांत महिनेच्या महिने जातात. नव्या पोस्टडॉकला याचा वैताग येतो, आणि वैताग येणं साहजिक असलं तरी कारण पक्कं आहे. लटान्या स्वीनी यांनी १९९०च्या दशकात, विद्यार्थिदशेत, मॅसॅच्युसेट्सच्या सरकारी कर्मचाऱ्यांचा नावं काढलेला रुग्णालयीन डेटा मतदारयादीशी ताडून पाहिला आणि खुद्द राज्यपाल विल्यम वेल्ड यांच्या नोंदी ओळखून काढल्या. जन्मतारीख, लिंग आणि पोस्टाचा पिन एवढ्यावरून अमेरिकेतले सुमारे ८७ टक्के लोक एकमेव ठरतात, असा अंदाज त्यांनी पुढे मांडला. डेटाचे जितके प्रकार जोडावेत तितका प्रत्येक माणूस अधिकाधिक एकमेव होतो. म्हणजे एकत्रीकरण आणि गोपनीयता यांच्यात मुळातच रस्सीखेच आहे.

बोस्टनमधल्या अतिदक्षता विभागाच्या नोंदींचा मिमिक हा खुला संच या बाबतीत पाहण्यासारखा आहे. त्यातल्या सगळ्या तारखा प्रत्येक रुग्णासाठी वेगळ्या अंतराने भविष्यात ढकलल्या आहेत. रुग्ण बाविसाव्या शतकात दाखल होतात. दोन घटनांमधलं अंतर मात्र खरं ठेवलं आहे. एकोणनव्वदच्या पुढच्या लोकांची संख्या थोडी, ते ओळखू येतील म्हणून संचाच्या तिसऱ्या आवृत्तीत त्यांची वयं तीनशेच्या वर दिसतात. माहितीपत्रक न वाचता सरासरी वय काढणाऱ्याची फजिती ठरलेली.

अलीकडे दुसरी वाट चोखाळली जाते. डेटा एकत्र आणायचाच नाही. मॉडेल प्रत्येक रुग्णालयात पाठवायचं, ते तिथल्या डेटावर शिकेल, आणि शिकलेले बदल तेवढे बाहेर येतील. कोविडच्या काळात जगभरातल्या २० संस्थांनी या पद्धतीने, छातीचा एक्स-रे आणि तपासण्यांचे आकडे वापरून, कुठल्या रुग्णाला किती प्राणवायू लागेल याचा अंदाज करणारं मॉडेल तयार केलं. एकेका संस्थेने एकटीने बनवलेल्या मॉडेलपेक्षा ते सरासरीने सरस ठरलं. पण एककं, संकेतांक, रिकाम्या जागा यांचं काम यात वाचत नाही. उलट ते वीस ठिकाणी, न पाहता, करायचं असतं.

शेवटी श्रेयाचा प्रश्न. करार दोन-तीन वर्षांचा, त्यातलं बरंचसं मंजुऱ्या आणि साफसफाईत गेलेलं, आणि पुढची नोकरी मिळते ती निबंधांवर. नीट जुळवलेला, ज्याच्या प्रत्येक रकान्याचा इतिहास लिहून ठेवला आहे असा तक्ता पुढची दहा वर्षं इतरांना पुरतो, पण तो करणाऱ्याच्या नावावर फारसं काही लागत नव्हतं. यात थोडा बदल झाला आहे. 'सायंटिफिक डेटा' हे २०१४मध्ये सुरू झालेलं नियतकालिक डेटाच्या वर्णनालाच निबंधाचा दर्जा देतं. मिमिकच्या तिसऱ्या आवृत्तीचं वर्णन २०१६मध्ये तिथेच आलं. त्यात कुठलंही मॉडेल मांडलेलं नाही, आणि अतिदक्षता विभागातल्या डेटावर काम करणारे लोक आजही त्याचा हवाला देतात.